आधी वसुली, मग चहा

प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी लटकत असते आणि तिच्यात नुसत्या पिशव्याच असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, तरी साठतात. आमच्या पतसंस्थेच्या वसुली खात्यातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. चार मित्र जमले, विषय निघाला, की एक ओढायला जावं आणि सगळा गठ्ठा बाहेर यावा!

आमची शाखा आष्ट्याला. वसुलीला आम्ही तिघं. शाखेच्या मॅनेजर माने मॅडम, शिपाई बजरंग आणि मी जाधव, वसुली अधिकारी. काम काय, तर घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले की त्या घराची कडी वाजवायची. असल्या कामाचं कौतुक कुणाला असणार? माझे सासरे पाहुण्यांना शेवटपर्यंत 'जावई ब्यांकेत हायत' एवढंच सांगत राहिले.

पण या खात्यात मी जी माणसं पाहिली, तशी दुसरीकडे कुठे पाहायला मिळाली नसती, हेही खरं.

*

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. बजरंगला घेऊन एका थकबाकीदाराकडे गेलो. माणूस एकदम अगत्याचा. या, बसा, पाणी घ्या. चहा आला. चहावर पोहे आले. पोह्यांवर पुन्हा अर्धा अर्धा कप चहा आला. हप्त्याचा विषय काढायला मी तोंड उघडलं की तो ताटलीत शेव वाढायचा. शेवटी त्याने आत जाऊन एक कागद आणला. मला वाटलं, चेक असेल. तो त्याच्या मुलीचा बायोडाटा होता.

"तुमी गावोगाव फिरताय," तो म्हणाला, "चांगलं स्थळ असलं तर बघा."

हप्ता आणायला गेलेले आम्ही बायोडाटा घेऊन परत आलो. माने मॅडम पोट धरून हसल्या, आणि मग त्यांनी आम्हांला जो नियम घालून दिला तो शाखेत आजही चालतो. आपल्याकडे घरात चहा प्यायला की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याने पैसे मागायचे नसतात. तेव्हा आधी वसुली, मग चहा.

मॅडम स्वतः हा नियम कडक पाळायच्या. एकदा त्यांच्या सख्ख्या चुलतभावाच्या घरी वसुलीला जायची वेळ आली. वहिनीने लगबगीने चहा आणून पुढे ठेवला. मॅडम कपाला हात न लावता बोलत राहिल्या. चहावर साय धरली, सायीवर माशी बसली. शेवटी भावाने उठून कपाटातून चेकबुक काढलं. चेक पर्समध्ये ठेवल्यावर मॅडम वहिनीला म्हणाल्या, "आता दुसरा टाक. ह्यो गार झाला."

जाता जाता सांगतो, त्या बायोडाट्यातल्या मुलीला स्थळ बजरंगनेच आणलं. लग्नात त्याला मानाचा फेटा मिळाला. हप्ते त्यानंतर नियमित आले.

*

विलास नावाच्या एका कर्जदाराच्या घराला कायम कुलूप असायचं. नोटिसा परत यायच्या. शेजाऱ्यांकडून कळलं की तो पाचगणीला एका बोर्डिंग शाळेत स्वयंपाकी आहे. मॅडम म्हणाल्या, चला, थंड हवा तरी खाऊ.

गेलो तर विलास फावड्याएवढ्या डावाने आमटी ढवळत होता. आम्हांला बघून पळेल म्हणून बजरंग मागच्या दाराशी उभा राहिला होता. विलास पळाला तर नाहीच, उलट आम्ही कशाला आलोय हेच त्याला कळेना. तो दर महिन्याला पगार झाला की हप्त्याचे पैसे धाकट्या भावाकडे पाठवत होता. मॅडमनी खात्याचा उतारा समोर धरला. बऱ्याच महिन्यांत एक रुपयासुद्धा जमा नव्हता.

विलासने आमटीखालचा गॅस बारीक केला. आता हा भावाच्या नावाने शिव्या घालणार, म्हणून मी तयार होतो.

"धाकटा हाय त्यो," तो म्हणाला. "पैसं हातात दिलं ही माजी चूक. त्याला कायबी इचारू नका."

मॅडमनी तिथेच भाजीच्या ओट्यावर बसून सगळं नव्याने बांधून दिलं. थकलेले हप्ते कर्जाच्या शेवटाला जोडले, मुदत वाढवली, आणि पुढचा हप्ता पगाराच्या खात्यातूनच परस्पर कापायची सोय केली. मग विलासने आम्हांला पोरांच्या पंगतीत जेवायला बसवलं. शेजारी बसलेल्या टाय लावलेल्या चिमुरड्याने बजरंगला विचारलं, "अंकल, विच स्टँडर्ड?" बजरंगने घास गिळला आणि खाली मान घालून म्हणाला, "पाचवी. पण सोडली."

उन्हाळ्याच्या सुट्टीत विलास गावी आला, तो धाकट्याला घेऊनच शाखेत. त्याला भावाचं बचत खातं उघडायचं होतं. पहिले पैसे विलासने आपल्या खिशातून भरले आणि धाकट्याला एवढंच म्हणाला, "आता ह्यात तू भर." धाकटा मान वर करत नव्हता. आता तोही पाचगणीलाच आहे, स्ट्रॉबेरीच्या गाडीवर. त्याच्या खात्यात पैसे दिसले की मला का कोण जाणे, फार बरं वाटतं.

*

आमच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. माणूस वाईट नाही. संस्थेत ठेवी कुणाच्या, तर पेन्शनवाल्यांच्या, भाजीवाल्या बायकांच्या. त्यांच्या पैशाची काळजी आबांना झोप लागू देत नाही. पण रात्री झोप लागली नाही की आबा मोबाइल बघतात, आणि मोबाइल बघितला की सकाळी आम्हांला ताप होतो.

कुठल्या तरी गावात थकबाकीदाराच्या दारात बँड नेऊन वाजवल्याचा व्हिडिओ त्यांनी पाहिला. बैठकीत म्हणाले, नाक दाबलं की तोंड उघडतं, आपणही बँड लावायचा. मॅडमनी विरोध केला. दारात वाजंत्री लग्नाची शोभते, अब्रू काढायला नाही, असं त्या म्हणाल्या. पण ठराव झाला.

आता आष्ट्यात बँड म्हणजे दस्तगीर मास्तर. पांढरा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात क्लॅरिनेट. सगळ्या गावाच्या वराती त्यांच्यामागे नाचत आल्या होत्या. अडचण एकच होती. मास्तर स्वतःच आमचे थकबाकीदार होते! त्यांनी आमच्याकडून कर्ज काढून घरावर स्लॅब टाकला होता, वर वाजवणाऱ्या पोरांच्या तालमीला खोली बांधली होती. मग लॉकडाऊन आला आणि वराती बंद झाल्या. लॉकडाऊन उठला तेव्हा वराती परत आल्या, पण त्यांच्यापुढे डीजेच्या भिंती चालायला लागल्या. मास्तरांची बायको जैनबभाभी फॉल-पिको करून घर चालवत होती. हप्त्यापुरतं काही उरत नव्हतं.

बँडला शेवटी होकार दिला तो मॅडमनीच, पण मास्तरांसाठी. वाजवण्याचे पैसे मास्तरांच्या हातात न देता सरळ त्यांच्या कर्जखात्यात भरायचे, असं त्यांनी ठरवून घेतलं. मास्तरांनाही ते पटलं. त्यांनी फक्त एक अट घातली.

"कुठल्या दारात वाजवायचं न्हाई, ते मी ठरवणार."

आबा घाईत होते. ठरवा, ठरवा, म्हणाले.

*

यादीत पहिला होता एक कॉन्ट्रॅक्टर. दारात दोन गाड्या, बोटांत अंगठ्या, आणि हप्ता मागितला की छातीत दुखायचं. याच्या दारात वाजवायला मास्तरांची हरकत नव्हती.

"ह्याच्या लग्नात भायेरगावचा बँड हुता," ते म्हणाले.

बँड सुरू झाला मात्र, सगळी गल्ली बाहेर आली. पोरं नाचायला लागली. कॉन्ट्रॅक्टरची म्हातारी आई काठी टेकत आरतीचं तबक घेऊन दारात आली आणि तिने मास्तरांना कुंकू लावलं. दारात बँड म्हणजे नातवाचं लग्न ठरलं, हे तिने गृहीतच धरलं होतं. ती एकेकाला विचारत सुटली, "नवरी कुठली?"

शेजारी अभिनंदन करायला पुढे आले. कॉन्ट्रॅक्टर घामाघूम. खरं सांगावं तर अब्रू जाते, खोटं बोलावं तर पोरगं लग्नाला अडकतं. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्हय, बोलणी चालू हायती."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळी थकबाकी भरली. पण बातमी पंचक्रोशीत गेली होती, पाहुण्यांची रीघ लागली, आणि महिन्याभरात त्याच्या मुलाचा साखरपुडा खरोखरच झाला. आम्हांला आमंत्रण होतं. बजरंग म्हणाला, या खात्यात राहून आपण वसुली कमी आणि लग्नं जास्त जमवतोय.

*

आबा खूश झाले. दुसऱ्या दिवशी यादीतलं पुढचं घर. तिथे सुरेखावहिनी दोन मुलींना घेऊन राहायच्या. नवऱ्याचं घरापुढे गॅरेज होतं, तो आजारपणात गेला, आणि हप्ते तिथेच थांबले होते.

बँड दारात उभा राहिला. वहिनी भाकरी थापता थापता बाहेर आल्या. हात पिठाने भरलेले. समोर एवढी माणसं, ढोल, ताशा, त्यांना काहीच उमगेना. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं होतं, ते खाली घेतलं.

"काय न्हाई पोरी," ते म्हणाले. "वळताना चुकलो."

आणि बँड घेऊन ते कोपऱ्यापर्यंत चालत गेले. मी मागून धावलो. म्हटलं, मास्तर, असं कसं? ते थांबले.

"जाधवसाहेब, हिची वरात ह्याच दारात मी आणलीया. जिथं वरात आणली तिथं अब्रू घ्यायला वाजवायचं न्हाई. माज्या बापानं बी कवा वाजवलं न्हाई."

ठीक आहे म्हणून आम्ही पुढच्या घराकडे निघालो. मास्तरांनी लांबूनच दाराकडे पाहिलं. हितं बी आणलीया, म्हणाले. त्याच्या पुढच्या घराला आणलीया. त्याच्या समोरच्या घरी तर बापाची बी आणली अन् लेकाची बी आणली. बजरंग यादी वाचत जाई आणि मास्तर मान हलवत जात. आमच्या लक्षात यायला जरा वेळच लागला. गावातल्या जवळपास एकूण एक माणसाची वरात दस्तगीर मास्तरांनी आणली होती. त्या यादीत वाजवता येईल असं एकच घर होतं, आणि ते आदल्या दिवशी संपलं होतं!

मी म्हटलं, मास्तर, दिवस तर मोडलाय, पैसे खात्यात भरायला सांगतो. त्यांना ते आवडलं नाही. वाजवलं नाही तर पैसे कशाचे, म्हणाले. घर ज्याचं जायला आलंय, तो माणूस हे म्हणत होता. त्या दिवशी घरी गेल्यावर मी हे बायकोला दोनदा सांगितलं.

सुरेखावहिनींना मात्र त्या सकाळी बँड कशाला आला होता, ते शेजारणीकडून कळलं. त्या आपणहून शाखेत आल्या. मॅडमनी त्यांना घरात काय काय आहे ते विचारलं, हप्ता विचारला नाही. गॅरेजची शेड बंद पडून आहे असं कळल्यावर ती एका पंक्चरवाल्याला भाड्याने मिळवून दिली. आता भाडं येतं आणि त्यातून हप्ता जातो.

*

मास्तरांच्या खात्यावर मात्र त्यानंतर काहीच येईना. लिलावाची जाहिरात द्यायची वेळ जवळ आली. मॅडम आणि मी त्यांच्या घरी गेलो. थकबाकी निदान निम्मी भरा, उरलेली मी नव्याने बांधून घेते, असं मॅडमनी परोपरीने सांगितलं. मास्तरांनी क्लॅरिनेट विकायची तयारी दाखवली. मॅडम म्हणाल्या, त्याचं गिऱ्हाईक शोधायला मी येणार नाही.

जैनबभाभींनी चहा ठेवला होता. वेलदोड्याचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. मॅडम उठल्या.

"भाभी, चहा राहू दे. नियम हाय."

"मला ठावं हाय," भाभी म्हणाल्या. "भरल्यावर या."

बाहेर आल्यावर मॅडम गाडीत बसल्या आणि भाभींचं ते वाक्य त्यांनी एकदा स्वतःशीच म्हटलं. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, पण त्या एका कपाने त्यांना जेवढं लागलेलं मी पाहिलं, तेवढं कधी पाहिलं नव्हतं.

*

आणि हा शेवटचा.

मास्तरांनी आपल्या ठरावाचा विचका केला, हे आबांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी फर्मान काढलं की आता बँड मास्तरांच्याच दारात वाजेल. आणि बँड असा आणायचा, ज्याने आष्ट्यात एकही वरात आणलेली नाही. आम्हांला न विचारता त्यांनी फोनवरून रहिमतपूरचा बँड ठरवला. कुणाच्या दारात वाजवायचं ते बँडवाल्यांना काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी बँडचा टेम्पो मास्तरांच्या गल्लीत शिरला. आबा समोरच्या पानपट्टीशी खुर्ची टाकून बसले होते. आम्हां तिघांना हजर राहायचा हुकूम होता. लाल कोट घातलेली पोरं उतरली, ओळीत उभी राहिली. बँडचा म्होरक्या सुभाष क्लॅरिनेट जुळवत होता. एवढ्यात दार उघडलं आणि मास्तर लुंगीवर बाहेर आले.

सुभाषने क्लॅरिनेट बगलेत मारलं आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"वस्ताद, ह्ये घर तुमचं?"

"अजून तरी माजंच हाय," मास्तर म्हणाले.

तरुणपणी सुभाष दोन हंगाम मास्तरांच्या वरच्या खोलीत राहून क्लॅरिनेट शिकला होता! आबांना बँडमधलं एवढं कुठलं माहीत असणार. बजरंगकडून सगळा प्रकार कळला तसा सुभाष आगाऊ मिळालेला बयाणा खिशातून काढून आबांकडे निघाला. मास्तरांनी त्याला हाक मारली.

"सुपारी घेतलीस न्हवं? मग वाजवायचं."

"आवं पण वस्ताद, तुमी सोता तर न्हाई वाजवलं म्हनं."

"मी आदी अट घातली हुती. तू घातलीस का?"

सुभाषने बयाणा परत खिशात ठेवला.

"मग वाजीव. सुरात वाजीव."

बँड सुरू झाला. पण पोरांचे हात चालेनात. सुभाषचा पहिलाच सूर फाटला. मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. दुसरा सूर फाटला. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा लुंगीवर पांढरा कोट होता, खांद्यावर ती सोनेरी झालर, आणि हातात क्लॅरिनेट. ते सुभाषच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी वरातीची चाल धरली.

काय वाजवलं हो त्या माणसाने! आपल्याच घराच्या बदनामीला उभा राहून माणूस असं वाजवू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खोटं वाटलं असतं.

दारं उघडायला लागली. सगळ्यांत आधी सुरेखावहिनी आल्या. त्यांनी कनवटीची नोट काढली, वरातीत ओवाळतात तशी मास्तरांच्या डोक्यावरून ओवाळली. मास्तरांचे दोन्ही हात क्लॅरिनेटवर. मग वहिनींनी ती शेजारच्या मोठ्या पितळी बाजाच्या तोंडात टाकली. त्यांच्यामागून यादीतल्या त्या घरातले, दोघांच्याही वराती मास्तरांनी आणलेले बाप-लेक आले. मग त्याच्या पलीकडचे. ज्यांच्या ज्यांच्या दारावरून मास्तर न वाजवता परत गेले होते, ते सगळे ओळीने येत होते, ओवाळत होते आणि बाजात टाकत होते. कॉन्ट्रॅक्टरही आला आणि त्याच्यामागून काठी टेकत त्याची आई. तिने नोट ओवाळली आणि मास्तरांना विचारलं, "आता हितली नवरी कुठली?"

तेवढ्यात आबांच्या सौभाग्यवती रिक्षातून उतरल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मास्तरांवरून नोट ओवाळून टाकली आणि पानपट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमची वरात बी ह्यांनीच आणलीया. कुणाच्या ध्यानात असंल तर असंल."

आबा खुर्चीवरून उठले. खिसे चाचपले. गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि त्यांनी पाकिटातलं होतं नव्हतं ते मास्तरांच्या डोक्यावरून ओवाळलं. ते बाजाच्या तोंडात कोंबायला गेले, तर आत जाईना. बाजा वाजवणारा पोरगा गाल फुगवून लाल झाला होता आणि बाजातून आवाजच येत नव्हता!

बँड थांबला. आबा मॅडमकडे न बघता म्हणाले, हप्ते नव्याने बांधून द्या, बैठकीत मी बघतो. मग त्यांनी बाजाकडे बोट केलं. आधी हे मोजून घ्या, म्हणाले.

बजरंगने दारातच सतरंजी अंथरली. मी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन घातला आणि पेन मॅडमच्या हातात दिलं. सुभाषने बाजा सतरंजीवर पालथा करायला उचलला. तेवढ्यात जैनबभाभी ट्रे घेऊन बाहेर आल्या. वेलदोड्याचा वास आला. भाभी मॅडमसमोर येऊन उभ्या राहिल्या, पण पैसे अजून मोजले नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या ट्रे घेऊन मागे वळल्या.

"भाभी, थांबा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते पर्समध्ये टाकलं आणि ट्रेमधला कप उचलला.